मामीचा पॅच काढायला लावणारा मेसेज

'दापोली-गुहागरच्या किनाऱ्याला फेंटानिलची पाकिटं लागली आहेत. नुसता हात लागला तरी दोन मिनिटांत मृत्यू. यावर उतारा नाही, लगेच कोकमाचं आगळ पाजा. कॅन्सरच्या पेशंटला लावतात ती पट्टी म्हणजे हेच विष, घरात असेल तर फेकून द्या. डिझायनर ड्रग असल्यामुळे भारतात याला कायदाच लागू नाही.' आणि शेवटी अर्थातच, पुढे पाठवा.

पाठवलंत सगळ्यांनी. ते आमच्या मामीच्या घरी पोचलं आणि वहिनीने तिच्या दंडावरचा पॅच, म्हणजे वेदना थांबवणाऱ्या फेंटानिलची पट्टी, ओढून काढला. मामीचा कॅन्सर हाडांत उतरलाय. सकाळी मी गेलो तेव्हा ती पलंगाची कड धरून बसली होती, आडवं होणं जमतच नव्हतं. वहिनीवर काय चिडणार? "भावोजी, घरात रांगतं पोर आहे," एवढंच ती म्हणाली. म्हणून हे लिहितोय.

पाकिटांचं आधी उरकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कर्दे, लाडघर, केळशी या बाजूला पाकिटं वाहून आली होती, ती चरसाची. चरस गांजाच्या झाडाचा, फेंटानिल प्रयोगशाळेतलं. दोन्हींवर बंदोबस्त एकाच कायद्याचा, एवढंच त्यांचं नातं.

आता हात लागून मरण्याबद्दल. फेंटानिल कातडीतून आत जातं हे खरं, नाहीतर पॅच चाललाच नसता. पण कसं जातं ते बघा. औषध कातडीला तासन्‌तास चिकटून राहावं अशी पॅचची मुद्दाम घडण असते. तरीही पहिला पॅच लावल्यावर पुरता गुण यायला १२ ते २४ तास जातात, आणि एक पॅच साधारण ७२ तास ठेवतात. कोरडी पूड बोटाला लागून दोन मिनिटांत माणूस जात असता, तर कंपन्यांनी एवढी खटपट कशाला केली असती? अमेरिकेत पोलीस असेच घाबरले होते. तेव्हा अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजी आणि तिथल्याच दुसऱ्या एका विषतज्ज्ञ संघटनेने २०१७ मध्ये एकत्र निवेदन काढलं. त्यातला हिशेब असा: दोन्ही तळहात पॅचनी पूर्ण झाकले तरी १०० मायक्रोग्रॅम अंगात जायला सुमारे १४ मिनिटं लागतील. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ऑपरेशनच्या वेळी शिरेतून देतात तेवढा डोस. पूड लागलीच तर साध्या पाण्याने हात धुवा, सॅनिटायझर चोळू नका.

व्हिडिओत धाप लागलेली, छाती धडधडणारी माणसं दाखवतात. ती भीती. ओपिऑइड, म्हणजे फेंटानिल, मॉर्फीनसारखी अफूच्या गुणाची औषधं, जास्त झालं की उलट होतं. माणूस गुंगतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात. अशा बेशुद्ध माणसाच्या तोंडात आगळ ओतलंत तर ते फुप्फुसात जाईल आणि मेसेज लिहिणाऱ्याचं भाकीत तुम्हीच खरं कराल. उतारा आहे, नालोक्सोन नावाचं इंजेक्शन. जोरदार ओपिऑइडला ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, म्हणून गाठायचा तो दवाखाना.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. फेंटानिल मॉर्फीनच्या ५० ते १०० पट जोरदार आहे. वापरून काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं आणि तो लहान मुलाने तोंडात घातला किंवा अंगाला चिकटवला तर जीव जाऊ शकतो. शेकाच्या पिशवीने पॅच तापला तरी औषध भराभर आत जातं. म्हणजे वहिनीची पोराबद्दलची काळजी खोटी नव्हती. पण त्यावर उपाय मामीचा पॅच ओढणं हा नव्हे. वापरलेला पॅच चिकट बाजू आत करून दुमडायचा, पोराचा हात पोचणार नाही असा ठेवायचा आणि विल्हेवाट डॉक्टर सांगतील तशी लावायची. नवीन पॅच कुलपात. अंगावरचा पॅच बंद करायचा की नाही हे डॉक्टरच ठरवणार.

राहिला कायदा. 'कायदाच नाही' हे धादांत खोटं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरचा कायदा, १९८५ पासून आहे, फेंटानिल त्यात आहे, आणि व्यापारी प्रमाणात सापडलं तर १० ते २० वर्षांची सक्तमजुरी. त्याच कायद्यात २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीन, फेंटानिल यांसारखी औषधं रुग्णांना सहज मिळावीत म्हणून 'अत्यावश्यक' हा वेगळा वर्ग केला. जे औषध मामीसारख्यांपर्यंत पोचावं म्हणून संसदेने कायदा बदलला, ते तुम्ही उकिरड्यावर टाकायला सांगताय.

डिझायनर ड्रगबद्दलचं एवढं खरं, की बंदीच्या पदार्थांची यादी नावानिशी असते. रेणूत जरा फेरफार केला की नवा पदार्थ तयार, आणि त्याचं नाव यादीत यायला वेळ लागतो. म्हणून तर चीनने मे २०१९ पासून फेंटानिलचं अख्खं कुटुंबच एकदम बंदीखाली आणलं. निटाझीन हा तसाच ओपिऑइडचा दुसरा गट, मूळ १९५० च्या दशकातल्या स्वित्झर्लंडमधल्या संशोधनातला. त्यातलं आयसोटोनिटाझीन आंतरराष्ट्रीय यादीत आलं ते २०२१ मध्ये. आपल्याकडे ट्रामाडॉल हे वेदनाशामक ओपिऑइड २०१८ मध्ये एनडीपीएसखाली आलं.

घाबरायचंच असेल तर चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉलच्या गोळ्यांना घाबरा. आणि किनाऱ्यावर पाकीट दिसलं तर फोडू नका, फोटोसाठी उचलू नका, ११२ ला फोन करा.