मरणाला एकटे सोडू नये

नाशकातल्या आमच्या अंबडच्या कारखान्यात तीन आठवडे एक पाटी झळकत होती. पिवळा पत्रा, लाल अक्षरं : 'मरणाला एकटे सोडू नये.' बाहेरून माल घेऊन येणारे टेम्पोवाले ती वाचून आपोआप चपला काढायला लागले होते.

झालं होतं असं, की आमचे शेठ एका सेमिनारला जाऊन आले. तिथल्या जेवणात म्हणे गुलाबजाम होते आणि भाषणात एआय होतं. परत आल्यावर त्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "उद्यापासून कागदपत्रांचं सगळं काम एआयनं करायचं. जग कुठं चाललंय!" जग कुठं चाललंय ते माहीत नाही, पण पहिली स्वारी आमच्या सेफ्टीच्या पाट्यांवर झाली. इंग्रजी पाट्या फोनमध्ये टाकल्या आणि मराठी काढल्या. आता पत्रा कापायचा जो साचा असतो, त्याला आम्ही डाय म्हणतो. मूळ सूचना एवढीच, की मशीन चालू असताना डाय सोडून इकडंतिकडं जाऊ नका. पण इंग्रजीत मरणालाही डायच म्हणतात. कारखान्यात मरणाचं काम असतं हे यंत्राला कुणी आधीच सांगितलं असावं.

पाटी लागली त्या दिवशी दोनशे टनी प्रेसवरचे नाना माझ्याकडं आले. चेहरा गंभीर.

"साहेब, एकटं सोडायचं नाही म्हणजे जेवायच्या सुट्टीत डबा हितंच आणू का?"

मी क्वालिटीत आहे. २७ वर्षं एकच काम करतोय : माप घेतल्याशिवाय ओके म्हणायचं नाही. माझ्या खिशात पेन नसलं तरी चालतं, व्हर्निअर लागतो. टेबलावर प्लग गेज असतात. भोक बरोबर पडलंय का ते बघायची ही साधी वस्तू. एका टोकाला गो, दुसऱ्या टोकाला नो-गो. गो भोकात गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये. दोन्ही टोकं आत गेली तर भोक मोठं झालं, माल भंगारात. मला या एआयबद्दल जे काही कळलंय ते या गेजमुळंच कळलंय. त्याला नो-गोचं टोकच नाही. काहीही विचारा, जातंच आत.

पुतण्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला विचारलं, हे चालतं तरी कसं? तो म्हणाला, "काका, त्याला ढीगभर मजकूर वाचायला दिलेला असतो. एका शब्दानंतर दुसरा कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, ते बघून तो पुढं पुढं लिहीत जातो."

"म्हणजे अंदाजपंचे?"

"अंदाजपंचे नाही हो काका. प्रोबॅबिलिटी."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस माझ्या चांगला ओळखीचा आहे! रविवार कारंजावर उभं राहून कुणालाही पत्ता विचारा. 'माहीत नाही' असं उत्तर गेल्या पन्नास वर्षांत मला तिथं मिळालेलं नाही. टपरीवरचा माणूस चुन्याचं बोट हवेत फिरवत सांगणार, "हे असंच सरळ जा, मारुती लागेल, तिथून डावीकडं." मारुती लागतोच. नाशकात सरळ गेल्यावर मारुती लागणार नाही अशी गल्ली दाखवा! पत्ता मात्र लागत नाही. फरक इतकाच, की टपरीवरचा माणूस परत भेटला तर तोंड चुकवतो. हा म्हणतो, "तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे," आणि दुसरा चुकीचा पत्ता देतो.

नानांनाही मोह झाला. ते दिंडोरीकडचे, घरी दोन एकर द्राक्षबाग. मुलानं फोनमध्ये ॲप टाकून दिलं, बोललं की उत्तर येतं. नानांनी पहाटे बागेत उभं राहून विचारलं, "भुरीला काय मारू?" आमच्याकडं भुरी म्हणजे वेलीवरचा पांढरट रोग आणि मारायचं ते औषध, हे पोराटोरांना माहीत. फोन अतिशय शांत आवाजात म्हणाला की कुणालाही मारणं हा उपाय नाही, तुमच्या मनात राग साचला असेल तर आधी दीर्घ श्वास घ्या. नानांनी घेतला म्हणे. "एवढ्या प्रेमानं घरचंबी कुणी बोलत नाही," असं मला सांगताना ते जरा हळवे झाले होते. भुरीला मग त्यांनी शेजाऱ्याला विचारून गंधक मारलं.

इथवर गंमत होती. पण जुलैमध्ये एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून आमच्या वॉशरचा लॉट परत आला. कडेला बर. बर म्हणजे पत्रा कापताना राहणारी धारदार कड, बोटाला लागते. कापणाऱ्या पंचाची धार गेली, किंवा पंच आणि डायमधली फट वाढली, की ती येते. अशी तक्रार आली की रिपोर्ट लिहायचा असतो : का झालं, त्याचं कारण काय, त्या कारणाचं कारण काय, असं पाच वेळा 'का' विचारत मुळाशी जायचं. पूर्वी मी तो रिपोर्ट दोन दिवस लिहायचो. शेठ म्हणाले, दोन मिनिटांत करा.

केला. दोन मिनिटंही लागली नाहीत. इतकं देखणं इंग्रजी आमच्या लेटरहेडवर या आधी कधी उमटलं नव्हतं. मूळ कारण : उष्णतोपचारातील विसंगती. उपाय : सहा ऑपरेटरांना प्रशिक्षण दिले. मला वाचतानाच खटकलं होतं, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळचे सात वाजले होते, द्वारका चौकात गाड्यांची रांग लागली असणार होती, आणि मजकूर इतका छान होता, की त्यात चूक काढणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत मीठ मागण्यासारखं वाटलं. २७ वर्षांत पहिल्यांदा मी माप न घेता ओके म्हणालो.

आठवड्यानं गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर दारात. पोरगेलासा, चष्मेवाला, थंड.

"उष्णतोपचार कुठं होतो ते दाखवा."

आमच्याकडं उष्णतोपचार होतच नाही. उष्ण म्हणावा असा एक चहा होतो, दुपारी तीनला.

"बरं, ते प्रशिक्षण घेतलेले सहा ऑपरेटर?"

त्या मशीनला दोन पाळ्यांत मिळून ऑपरेटर चार. पाचवा म्हणून शेठनी वॉचमनला उभं केलं. सहावा सापडेना तेव्हा माझ्याकडं बघितलं. नाना तेवढ्यात पुढं होऊन म्हणाले, "पंचाची धार गेलीय साहेब. पंधरा दिवस झाले, आवाज बदललाय. मला कुणी विचारलंच नाही." इन्स्पेक्टरनं त्यांच्याकडं पाहिलं, मग मागच्या पाटीकडं पाहिलं, आणि वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं.

घरी पुतण्यानं मला दिलासा दिला. "काका, अमेरिकेतले वकीलसुद्धा फसलेत." २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले जुने निकाल कोर्टापुढं ठेवले. असे खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड केला. ऐकून बरं वाटलं. आपण एकटे मूर्ख नाही, यासारखं समाधान नाही. वर त्यानं मीठही चोळलं : "पण तुम्ही प्रॉम्प्ट नीट दिला नव्हता." यंत्र चुकलं की दोष विचारणाऱ्याचा, हे काही मला नवीन नाही. आमच्या सरकारी कचेऱ्यांत ही सोय फार पूर्वीपासून आहे.

ऑगस्टमध्ये आईचे चुलतभाऊ अण्णामामा गेले. वय ८६, चालते-बोलते गेले, त्यामुळं रडारड बेताची. माणूस माझ्यासाठी मोठा होता. ते आमच्याच कारखान्यात टूलरूमला होते. मला चिकटवलं त्यांनीच. दोनशे टनीची ती डाय त्यांच्या हातची. निवृत्त होताना म्हणाले होते, "मापं घेशीलच रे तू, पण आवाजही ऐकत जा."

व्हॉट्सॲपवर श्रद्धांजल्या यायला लागल्या. सगळ्या एकसारख्या तुळतुळीत : अण्णामामा केवळ व्यक्ती नव्हते, तर एक विचार होते. अण्णामामांना या आरोपाचा राग आला असता. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा संदेश सर्वांत लांब होता आणि त्याची शेवटची ओळ होती : 'हवे असल्यास मी हा संदेश अधिक भावपूर्ण करून देऊ शकतो.' मी तो घाईघाईनं झाकला, पण आईनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला होता.

"देऊ शकतो म्हणतोय, मग दिला का नाही? पहिल्यापासून चिक्कूच आहे तो."

दशक्रियेच्या आदल्या रात्री धो धो पाऊस. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं. मी फोनला विचारलं, "गंगेला पूर आलाय, उद्या दशक्रियेला जाता येईल का?" त्यानं मला हरिद्वारच्या घाटांची माहिती दिली, वाराणसीत पर्यायी व्यवस्था सुचवली आणि हॉटेल पाहून ठेवू का विचारलं. आता नाशिककराची गंगा म्हणजे गोदावरी, हे त्याला कोण सांगणार? मी सांगितलं. म्हणाला, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, स्थानिक प्रशासनाशी संपर्क साधा.

आईनं पंचवटीतल्या भाचीला फोन लावला. "मारुतीला पाणी कुठवर गं?"

"गुडघ्याला, आत्या."

"मग हरकत नाही. वरच्या अंगाला होईल." फोन ठेवला, झोपली. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी, गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी. सराफ बाजारातला व्यापारी त्यावरूनच दुकानातला माल वर चढवायचा की नाही ते ठरवतो. या गेजला चार्जिंग लागत नाही.

सकाळी रामकुंड पाण्याखालीच होतं. वर रस्त्याच्या कडेला विधी झाला, पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. चार कावळे समोरच्या पत्र्यावर ओळीनं बसलेले, भिजलेले, आमच्याकडं बघतायत. मग सुरू झालं. मोठा मुलगा म्हणाला, नातीच्या लग्नाची काळजी. धाकटा म्हणाला, वावराचा वाद. जावईबापूंनी चिवड्याची पुडी सोडून ठेवली, मिसळ मागवू का म्हणाले. एकानं तपकिरीची डबी ठेवली. प्रत्येकाजवळ मूळ कारण तयार होतं, आणि एकाच्याही आवाजात शंका नव्हती. गुरुजी घड्याळ बघत होते. पुतण्यानं हळूच फोन काढला आणि कावळा का शिवत नाही ते टाइप केलं. उत्तर यायला लागलं : पहिला मुद्दा, पक्ष्यांवर हवामानाचा परिणाम. दुसरा मुद्दा, परिसरातील अन्नाची उपलब्धता.

मला एकदम नानांचं बोलणं आठवलं. इन्स्पेक्टर येऊन गेला, रिपोर्ट पुन्हा लिहिला, पाटीसुद्धा उतरवली, पण पंच अजून तसाच होता. ऑर्डर संपू द्या, मग धार लावू, असं शेठ म्हणाले होते आणि मी मान हलवली होती. मी पुढं झालो, हात जोडले, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणालो, "मामा, दोनशे टनीचा पंच उद्याच उतरवतो. धार लावल्याशिवाय मशीन चालू करू देणार नाही."

पत्र्यावरचा दुसरा कावळा उतरला. चिवडा ओलांडून, तपकिरीच्या डबीला वळसा घालून सरळ पिंडावर आला.

"शिवला, शिवला!" सगळे ओरडले. जावईबापू म्हणाले, चिवड्याचं मी म्हणालोच होतो.

पुतण्याच्या हातातला फोन तेव्हा सहाव्या मुद्द्यावर होता. तो संपवून त्यानं विचारलं, हवे असल्यास याचा तक्ता करून देऊ का?