डाव्या हाताचा मोजा

सोलापूरच्या माणसाला चाळीस या आकड्याचं काही वाटत नाही. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला की आम्ही माठात वाळा टाकतो, दुपारी दारं लावून फरशीवर पडतो आणि पाचला उठून चहा पितो. त्यामुळे नवऱ्याला अलास्कात फेअरबँक्सला नोकरी लागली आणि "तिथे चाळीसपर्यंत जातं" असं तो म्हणाला, तेव्हा मी म्हटलं, "मग घरच्यासारखंच की." चाळीसच्या आधी आपण 'उणे' म्हटलं होतं, असं तो अजून शपथेवर सांगतो. मला ऐकू आलं नव्हतं. मिक्सर चालू होता.

उणे चाळीसला फॅरनहाइट आणि सेल्सिअस एकच होतात. अमेरिकेत आल्यापासून मी रोज बत्तीस वजा करून पाचाने गुणत आणि नऊने भागत होते. ते गणित इथे सुटलं, हा एक फायदा म्हणावा लागेल. दुसरा अजून शोधते आहे.

मधली सहा वर्षं आम्ही फीनिक्सला काढली होती, म्हणजे सोलापूर सोडून जास्तीच्या सोलापुरात. दोन्ही पोरं तिथली. थोरली सहा वर्षांची आणि धाकटा तीनचा. दोघांचा वस्त्रांशी संबंध चड्डी-बनियनपुरता. आम्ही फेअरबँक्सला उतरलो ऑगस्टमध्ये. सगळं हिरवंगार, रानात ब्लूबेरी, रात्री दहालाही लख्ख उजेड. मी सासूबाईंना फोनवर सांगून टाकलं, "अहो आई, महाबळेश्वर आहे हो अगदी."

शेजारी एक आजीबाई राहतात. त्या इथे किती वर्षं आहेत विचारलं तर वर्षं सांगत नाहीत, हिवाळे सांगतात. "एक्केचाळीस." आठवडाभरात त्या कुंपणापाशी आल्या आणि पोरांना कपडे आहेत का, असं विचारलं. मी अभिमानाने कपाट उघडून दाखवलं. त्यांनी एकेक कपडा चिमटीत धरून बाजूला ठेवला. सुती, सुती, सुती. घामाने ओलं झालेलं सूत अंग गारठवतं, लोकर घ्या नाहीतर सिंथेटिक घ्या, असा त्यांचा निकाल. सोलापूरच्या मुलीसमोर सुताची ही बदनामी! कोल्हापूरकराला 'तुमचा रस्सा जरा पांचट आहे' म्हणून बघा, म्हणजे कल्पना येईल. माझ्या सामानात दोन सोलापुरी चादरी होत्या. त्यांच्या कानावर हे पडू नये म्हणून मी त्या कपाटात सगळ्यात वर ठेवल्या.

तर आता रोजची सकाळ. एका पोराच्या अंगावर चढवायचे नग असे: थर्मलचे दोन, पायमोजे दोन, फ्लीस एक, खांद्यावर पट्टे असलेली स्नोपँट एक, गळ्यात ओढायची कापडी नळी एक, टोपी एक, मिटन दोन, जॅकेट एक, बूट दोन. तेरा. दोन पोरांचे सव्वीस. शाळेचे कपडे यात धरलेले नाहीत आणि माझे तर नाहीतच. मी पायजम्यावर नवऱ्याचा कोट घालून जाते. उणे तीसला कोणी कोणाचा पायजमा बघत नाही.

या सव्वीस नगांना क्रम आहे, आणि तो सत्यनारायणाच्या पूजेपेक्षा कडक आहे. स्नोपँट बुटाच्या आधी; उलट केलंत तर बूट काढून पहिल्यापासून सुरुवात. नळी टोपीच्या आधी. लांब मनगटाचे मिटन जॅकेटच्या आधी, म्हणजे वरून बाही येते आणि पोराला ते सहज ओढून काढता येत नाहीत. ही आजीबाईंची युक्ती. मिटन म्हणजे अंगठा एका खोलीत आणि बाकीची चार बोटं दुसऱ्या खोलीत. पाच बोटांचे हातमोजे मीही आणले होते, पण त्यात पोरांचे हात गारठतात. एकत्र राहिली तर बोटं एकमेकांना ऊब देतात, वेगळी बिऱ्हाडं केली की गोठतात. हे मी सासूबाईंना सांगितलं ती माझी चूक. तेव्हापासून त्या ते जावांना ऐकवतात.

सकाळी सातला नेमका त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे रात्रीचे साडेनऊ. त्यांची मालिका संपते आणि आमची सुरू होते. फोन बुटांच्या फळीला टेकवून ठेवलेला, त्यातून सूचना: "अगं, कान झाक त्याचे." झाकलेत. "स्वेटर कुठाय मी पाठवलेला?" आत आहे. "मग दिसत का नाही?" आई, आतला सातवा थर आहे तो, दिसेल कसा? यावर त्यांचा चेहरा असा होतो की पोराऐवजी स्वेटरच थंडीत सोडून दिलाय.

तेरावा नग चढला की धाकटा दोन्ही हात आडवे धरून बुजगावण्यासारखा उभा राहतो आणि एक वाक्य बोलतो. ते कुठलं, हे लेकुरवाळ्यांना सांगायला नको. मीही रोज आधीच ओळखते. आधी नेऊन बसवते, नळ सोडते, शीळ घालते. तेव्हा काही नसतं. तेराव्या नगाला असतं.

एवढं करून गाडीपाशी यावं, तर गाडीत जॅकेट काढायचं. फुगीर जॅकेटवरून लहान मुलांच्या सीटचा पट्टा लावायचा नसतो. अपघातात आतली हवा दाबली जाते, पट्टा सैल पडतो आणि पोर निसटू शकतं. कारण शंभर टक्के बरोबर आहे, म्हणून तर जास्त चीड येते. जॅकेट काढलं की बाहीतले मिटन त्याच्याबरोबर उलटे होऊन निघतात. पोराला पट्टा लावायचा, जॅकेट उलटं पांघरायचं, शाळेच्या दाराशी पुन्हा सगळं चढवायचं. आत गेल्यावर बाई ते सगळं उतरवतात, कारण आत एकवीस अंश असतात. दुपारच्या सुट्टीत परत सगळं चढतं. त्या बाई वीस-बावीस पोरांना हे करतात. आपल्याकडे असत्या तर त्यांच्या नावाने एव्हाना चौक झाला असता.

सुट्टीत पोरं बाहेर खेळतात, हे मला आधी माहीत नव्हतं. मर्यादा आहे उणे वीस फॅरनहाइटची, म्हणजे उणे एकोणतीस सेल्सिअस. त्याच्या खाली गेलं की आत. उणे अठरा फॅरनहाइटला थोरली घसरगुंडीवर होती आणि घरी येऊन सांगत होती की आज छान होतं. मी शाळेच्या कचेरीत जाऊन अदबीने विचारलं, किती थंडी पडली की शाळेला सुट्टी देता? तिथल्या बाईंनी माझ्याकडे मायेने पाहिलं. थंडीसाठी शाळा बंद ठेवत नाहीत. पावसासाठी ठेवतात. भर हिवाळ्यात कधी पाऊस पडलाच, तर तो रस्त्यावर पडतो तसा गोठतो, गाव काचेचं होतं आणि शाळेच्या बस निघत नाहीत. मी घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. उजनी धरण किती टक्के भरलं हे रोज पेपरात वाचणारा माणूस तो. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "पाऊस पडला म्हणून रडणारं गावही असतं तर."

गाडीचं सांगायचं राहिलं. इथल्या गाड्यांच्या नाकातून वायर लोंबते. रात्री ती बाहेरच्या प्लगला लावायची, म्हणजे इंजिन कोमट राहतं आणि सकाळी गाडी सुरू होते. कामाच्या ठिकाणी, दुकानासमोर, जिथे तिथे गाडी लावायच्या जागेत हे प्लग असतात. दिराने फोटो पाहिला आणि गल्लीत बातमी झाली की दादाने इलेक्ट्रिक गाडी घेतली. पेट्रोलचीच आहे म्हणून सांगितलं, तर "मग चार्जिंगला का लावता?" आता काय सांगणार! उणे चाळीसला रात्रभर उभ्या गाडीची चाकं खालच्या बाजूने चपटी होतात आणि पहिला मैलभर गाडी बैलगाडीसारखी धडधडत जाते, हे मी सांगितलंच नाही. पेट्रोलची बैलगाडी ऐकून त्यांना वेगळीच काळजी लागली असती.

गल्लीत तशीही आमची कीर्ती वाढलेली आहे. फेअरबँक्सच्या शेजारी नॉर्थ पोल नावाचं एक गाव आहे. तिथले रस्त्यावरचे खांब लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवलेले, सांता क्लॉजचं दुकान, वगैरे. खरा ध्रुव तिथून सुमारे अठ्ठावीसशे किलोमीटरवर आहे. हे थोरलीने आजीला सांगितलं, पण तिने सोयीचं तेवढंच घेतलं: "नॉर्थ पोल घराजवळ आहे." सध्या सोलापुरात आम्ही उत्तर ध्रुवाला राहतो.

दिवेलागणीचाही घोळ झाला. सासूबाईंनी निघताना एकच वचन घेतलं होतं, पोरांना तिन्हीसांजेला देवापुढे बसवून शुभं करोति म्हणायला लावायचं. डिसेंबरात सूर्य अकराच्या सुमारास क्षितिजावर येतो, जेमतेम डोकं वर काढतो आणि पावणेतीनच्या आत जातो. पावणेचार तासांपेक्षाही कमी दिवस. तिन्हीसांजेला थोरली शाळेत गणित करत असते आणि धाकटा दुपारच्या झोपेत असतो. जूनमध्ये सूर्य मावळतो मध्यरात्रीनंतर आणि तीन वाजायच्या आत परत हजर, मधे काळोख असा नसतोच. मी घरापुरती सोलापूरची वेळ लावून घेतली आहे. साडेसहा म्हणजे तिन्हीसांज, सूर्य काही का करेना.

पण या सगळ्याहून खरा प्रश्न आहे डाव्या हाताच्या मिटनचा. उजवा हरवत नाही. धाकट्याला नाक पुसायला, कुत्र्याला हात लावायला, बर्फ खायला डावा हात लागतो, म्हणून तो डावा काढतो. काढला की तो बर्फात जातो, आणि वरून दुसरा बर्फ पडतो. नोव्हेंबर ते मार्च आमच्या घरी उजव्या मिटनचा मोठा संग्रह झाला. मी शाळेतली हरवलेल्या वस्तूंची पेटी उपसायला गेले, तर तिथे सगळे डावेच होते आणि एकही आमचा नव्हता. दोन्ही मिटन दोरीने जोडून ती बाह्यांतून घालायची, असं आजीबाईंनी सुचवलं. केलं. मग दोरीसकट दोन्ही हरवायला लागले.

अलास्कात तेलाच्या पैशाच्या निधीतून दरवर्षी माणशी रक्कम मिळते. १९८२पासूनची प्रथा, आणि पोरांनाही मोठ्यांइतकीच. २०२५मध्ये माणशी एक हजार डॉलर होते. नियमाचं पूर्ण वर्ष भरल्यावर धाकट्याच्या नावाने पैसे आले, तेव्हा नवऱ्याने गुंतवणुकीचं काहीतरी काढलं. मी त्याच्यापुढे मिटनचा हिशेब ठेवला. पोरगं कमावतं झालं, पण कर्जातच.

शेवटी एप्रिल उजाडला आणि बर्फ वितळायला लागला. या ऋतूला इथे 'ब्रेकअप' म्हणतात. नदीवरचा बर्फ फुटतो म्हणून. मी घाईत असताना बहिणीचा फोन आला. म्हटलं, "नंतर बोलते गं, ब्रेकअप चाललाय, घरभर चिखल झालाय." तासाभरात आई, बाबा, मामा आणि पुण्याची मावशी असे चार फोन आले. मावशी म्हणाली, "चिखल होतोच गं, पण पोरांकडे बघ."

मेच्या मध्यावर अंगण पूर्ण उघडं पडलं, आणि मिटन सापडायला लागले. पायरीखाली दोन, गाडीच्या जागी एक, कुंपणाच्या कडेने ओळीने तीन. एक आजीबाईंच्या अंगणात निघाला, तो त्यांनी चिमट्याने दोरीला लावून ठेवला होता. एकूण अकरा. अकराही डावे. धाकट्याचा हात एव्हाना कुठल्याच मिटनमध्ये मावत नव्हता. तरी मी ते सगळे धुतले आणि कुंपणावर ओळीने वाळत घातले, लाल, निळे, पिवळे, एक डायनासोरचा. तेवढ्यात फोन वाजला. तिकडे सकाळचे साडेअकरा, इकडे रात्रीचे दहा.

सासूबाईंनी मागचं कुंपण पाहिलं. "अगं बाई, वाळवण घातलंस? कुरडया?"

"मिटन आहेत, आई."

"आणि ऊन कसलं पडलंय एवढं? रात्र आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

"मग पोरं झोपली असतील."

मी घराकडे वळून पाहिलं. उजेड येऊ नये म्हणून पोरांच्या खिडकीला मी दोन्ही सोलापुरी चादरी खिळे ठोकून लावल्या होत्या. चादर अडवते हो उजेड, सुताचं कोणी काही म्हणो. तिचा एक कोपरा उचलला गेला, धाकट्याचं तोंड बाहेर आलं, आणि काचेवर त्याने डावा हात टेकवला. हातात काही नव्हतं.