दाणे निघाले म्हणजे बुरशीच, हे कोणी सांगितलं?

पेरणीच्या तोंडावर आमच्या धुळे-जळगावकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोच: "पायाच्या गाठीतून दाणे निघतात? म्हणजे हाडाला बुरशी लागली. बुरशीची गोळी पंधरा दिवस घ्या. नाही गेली तर पाय कापावाच लागतो. रोग्याचं अंथरूण वेगळं करा." मी लॅबमध्ये काम करतो. असे दाणे काचपट्टीवर चिरडून पाहिलेत, म्हणून बोलतो.

दाणे म्हणजे बुरशी, हे अर्धंच खरं. रोगाचं नाव मायसेटोमा. बाभळीचा काटा रुततो, मातीतले जंतू आत जातात, वर्षा-दोन वर्षांनी गाठ होते, तिला तोंडं फुटतात, पुढे हाड पोखरतं. पण जंतू बुरशीचेही असतात आणि जिवाणूही. 1860 मध्ये मुंबईत हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी हे नाव दिलं तेच 'बुरशीची गाठ' या अर्थाचं. ते जिवाणूंच्या गाठीलाही चिकटलं. घोळ जुनाच आहे! दाणा काळा असेल तर बुरशी, लाल असेल तर जिवाणू. पांढरा-पिवळा मात्र कोणाचाही असू शकतो.

मग ओळखायचं कसं? वरवरचा पू कापसावर घेतला तर भलतेच जंतू वाढतात. खोलवरचा तुकडा हवा. इथे एक चूक वारंवार होते: अख्खा तुकडा फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवायच्या रसायनात) येतो. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) कशाचं लावू? एक तुकडा फॉर्मालिनमध्ये, दुसरा सलाइनमध्ये, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ. बुरशीचं कल्चर चार-सहा आठवडे ठेवावं लागतं. हाड किती गेलंय ते एक्स-रे, एमआरआय सांगतात. आणि हाडावर वाहती जखम टीबीचीही असते, तीही तपासावी.

पंधरा दिवसांत काही होत नाही. बुरशी असेल तर इट्राकोनॅझोल हे बुरशीचं औषध अनेक महिने, बऱ्याचदा वर्षाहून जास्त, सोबत लिव्हरच्या तपासण्या आणि बहुधा ऑपरेशन. कॅप्सूल जेवणानंतर घ्यायची. ॲसिडिटीची गोळी जोडीला घेतली तर ही कॅप्सूल नीट शोषली जात नाही. जिवाणू असतील तर या गोळीचा उपयोग शून्य. तिथे जिवाणूंवरची औषधं: कोट्रायमॉक्साझोल, गरजेप्रमाणे अमिकासिनची इंजेक्शनं, आणि त्यासाठी किडनी व कानांवर लक्ष.

पाय कापण्याबद्दल: बुरशीनं हाड फार पोखरलं असेल तर क्वचित ती वेळ येते, खोटं कशाला बोलू. जिवाणूंचा रोग मात्र बहुतेकदा औषधांनीच आटोक्यात येतो. उशीर होतो तो गाठ दुखत नाही म्हणून. "दुखत नही, मंग दवाखानामा कसाले जावानं?" हे मी कितीदा ऐकलंय.

अंथरुणाचं म्हणाल तर हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. रिपोर्ट न्यायला आलेला एक कापूसवाला शेतकरी त्या मेसेजपायी आठ महिने ओसरीत झोपत होता. त्याला म्हटलं, भाऊ, आज घरात झोपा.