हत्तीचं पिल्लू आणि मावशीचा फॉरवर्ड

हा मेसेज दादरच्या आमच्या मावशीकडे भजनी मंडळाच्या ग्रुपवरून आला. तिने 'किती गं गोड' म्हणत तो घरच्या ग्रुपवर टाकला, तिथपर्यंत ठीक. पण आता केरळच्या सहलीत नातवासाठी 'पिल्लाला आंघोळ घाला, बाटलीने दूध पाजा' असलं काहीतरी बुक करायचं चाललंय. म्हणून लिहायला बसले.

मेसेजचा सारांश असा: माणूस दिसला की हत्तीच्या मेंदूचा तोच भाग उजळतो, जो आपला कुत्र्याचं पिल्लू बघून उजळतो, असं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. अनाथ पिल्लू वाढवणाऱ्या माणसालाच जन्मभर आई मानतं, त्याला दुसरे हत्ती लागत नाहीत, त्या माणसापासून तोडणं हे पाप. सगळी पिल्लं सारखीच निरागस. माणसाचा हात लागला की कळप पिल्लाला टाकून देतो. शेवटी अश्रू ढाळणाऱ्या पिल्लाचा फोटो.

मेंदूचं आधी उरकते. मेंदूचा कुठला भाग उजळतो ते बघायला एमआरआयचं मशीन लागतं. तीन टनांची हत्तीण जागेपणी त्या नळकांड्यात शिरणार, न हलता पडून राहणार आणि माणसांचे फोटो बघणार? असा अभ्यास झालेलाच नाही. कुठल्या शास्त्रज्ञाने केला, कुठे छापला, यातलं एक अक्षर मेसेजमध्ये नाही.

खरा राग मला दुसऱ्या मुद्द्याचा आहे, कारण त्याने पिल्लं मरतात. केनियात डॅफ्ने शेल्ड्रिक या बाईंनी अनाथ पिल्लं वाढवण्यात हयात घालवली. त्यांची संस्था 1977 पासून चालू आहे. सुरुवातीच्या काळात आयेशा नावाचं एक तान्हं पिल्लू त्यांनी स्वतः सांभाळलं. लेकीच्या लग्नासाठी बाई काही दिवस बाहेर गेल्या, तर आयेशाने खाणंपिणं सोडलं आणि ती गेली. मेसेज ज्याला 'जन्मभराचं प्रेम' म्हणतो, त्याचा हा शेवट. त्यानंतर तिथे नियमच झाला: कीपर, म्हणजे पिल्लं सांभाळणारी माणसं, आलटूनपालटून झोपणार, रोज रात्री पिल्लाशेजारी वेगळा माणूस. एकाच माणसाचा लळा लागू द्यायचा नाही.

माणसाची गरज लागते, हे नाइलाजाने मान्य करते. पिल्लाला दर तीन तासांनी दूध लागतं, आणि गाईचं दूध त्याला पचत नाही. योग्य मिश्रण सापडायला शेल्ड्रिकबाईंची वर्षानुवर्षं गेली. अखेर जमलं ते खोबरेल तेलाने. (कोकणातल्या माणसाला विचारलं असतं तर लवकर सुटलं असतं!) तिथे दोन झाडांमध्ये घोंगडी टांगतात. पिल्लू तिच्यावर सोंड टेकवतं आणि खालून कीपर बाटली धरतो. आईच्या पोटाला सोंड लावून पिण्याची सवय असते ना, म्हणून. पण बाकीचं काम हत्तीच करतात. नवीन, घाबरलेलं पिल्लू आलं की जुनी पिल्लं त्याच्याभोवती जमतात, सोंडेने चाचपतात. एखादी जेमतेम दोन वर्षांची पोर सगळ्यांची मोठी ताई होऊन बसते. काही वर्षांनी ही पिल्लं त्साव्होच्या जंगलात जातात, आपल्या वेगाने रानटी कळपात मिसळतात. काही हत्तिणी पुढे स्वतःची पिल्लं घेऊन कीपरना भेटायला येतात. माणसाची ओळख राहते, पण संसार हत्तींबरोबरच.

'ते आफ्रिकेतलं, आपल्याकडचे वेगळे' असं कोणी म्हणेलच. श्रीलंकेत उडावलवेला 1995 पासून अनाथ पिल्लं सांभाळतात. तिथे मुद्दाम माणसाचा स्पर्श कमी ठेवतात आणि नंतर त्यांना सवंगड्यांसह जंगलात सोडतात. थायलंडमधल्या 26 पाळीव हत्तींच्या निरीक्षणाचा अभ्यास 2014 मध्ये छापून आला. एक हत्ती बिथरला की दुसरा जवळ जाऊन सोंडेने त्याला स्पर्श करतो, कधी सोंडेचं टोक त्याच्या तोंडात ठेवतो. हे कुठल्याही माणसाला जमणारं नाही.

सगळी सारखीच निरागस? म्यानमारमधल्या अडीचशेहून अधिक लाकूडकामाच्या हत्तींचे स्वभाव त्यांच्या माहुतांना विचारून नोंदवले, 2018 मध्ये ते प्रसिद्ध झालं. लक्ष देणं, मिळूनमिसळून राहणं आणि आक्रमकता, या तिन्हींत हत्तीहत्तीत फरक निघाला. ते मोठे हत्ती होते, मान्य. पण पिल्लं वाढवणाऱ्या कुणालाही विचारा: एक बाटलीसाठी ढुशा देतं, एक मागेच उभं राहतं. जन्मतःच शंभरेक किलोचं असतं ते, मावशी. त्याची ढुशी नातवाला झेपणार नाही.

हात लागला की कळप टाकतो, हे अर्धवट खरं. कळप कधीकधी स्वीकारत नाही. पण आपल्या वनखात्यांनी माणसाचा वास झाकायला पिल्लाच्या अंगाला चिखल, हत्तीची लीद चोळून कित्येकदा आईशी भेट घडवलीय. आणि अश्रू? हत्तीला माणसासारख्या अश्रुग्रंथी नसतात, डोळ्यातला ओलावा आत वाहून नेणारी नळीही नसते, म्हणून तो गालावर ओघळतो. पिल्लाला दुःख होतं, पण ते त्या फोटोवरून कळत नाही.

जन्मभर माणसांत राहिलेली हत्तीण आपण मुंबईकरांनी पाहिलीय की. वराती आणि भीक यांसाठी फिरवलेली बिजली 2013 च्या पावसाळ्यात मुलुंडला रस्त्यावर कोसळली, 30 जूनला गेली.

तर मावशी, पैसे भरण्याआधी त्या लोकांना फोन करून एवढंच विचार: पिल्लाची आई कुठे आहे, त्याच्याबरोबर आणखी किती हत्ती आहेत, रात्री ते कुणाजवळ झोपतं, आणि त्याला बांधून ठेवता का. उत्तराऐवजी रेट कार्ड आलं, तर नातवाला बॅकवॉटरमध्ये होडीतून फिरव.