क्लॉकच्या पॅचला डोळे मिटून होकार कसा द्यावा

लिनक्समधल्या मेमरी कार्डच्या ड्रायव्हरचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तपासायला आलाय आणि त्यात क्लॉकची, म्हणजे कार्डाला ताल देणाऱ्या सिग्नलची, भानगड आहे? घाबरू नका. आधी टॅब आणि स्पेस मोजा. कॉमेंटमध्ये स्पेलिंगची एखादी चूक हमखास सापडते. ती दाखवली की तुम्ही पॅच ओळन् ओळ वाचलाय याबद्दल कुणाला शंका उरत नाही.

मग क्लॉक मागणारी ओळ. लेखकाने उत्तर नल, म्हणजे रिकामा पत्ता, आहे का एवढंच तपासलं असेल, तर पाठ थोपटा. लिनक्समध्ये क्लॉक मिळालं नाही तर सहसा नल नव्हे, एरर पोटात दडवलेला पॉइंटर, म्हणजे पत्ता, हाती येतो. पण असल्या गोष्टी बोलून दाखवणारी माणसं रिव्ह्यूत कुणाला आवडतात? क्लॉक चालू करणाऱ्या फंक्शनने काय परत केलं, तेही विचारू नका. चालू हो म्हटलंय ना, होईल. आणि प्रोब, म्हणजे ड्रायव्हरची सुरुवातीची जुळवाजुळव, मध्येच फसला तर ते बंद कोण करणार, ही चिंता वीजबिल भरणाऱ्याची.

मूळ क्लॉकला भागून कार्डाचा वेग काढतात, ती भागाकाराची जागा मात्र चवीने वाचावी अशी. मूळ क्लॉक 104 मेगाहर्ट्झ, साध्या वेगाच्या कार्डाची मर्यादा 25. भागाकार 4.16. सी भाषा दशांश गिळून 4 देते आणि कार्डाला 26 मेगाहर्ट्झ मिळतात. कुणी खडूस म्हणेल, भाजक वर न्या, 5 घ्या, 20.8 वर चालवा. त्याला सांगा, आम्ही ग्राहकाला कबूल केल्यापेक्षा जास्तच देतो. कार्ड ओळखण्याच्या टप्प्यातली 400 किलोहर्ट्झची मर्यादाही याच उदारपणे ओलांडा. ड्रायव्हरच्या वरच्या थरातून कधी शून्य वेग मागितला जातो, म्हणजे क्लॉक बंद कर. तिथे शून्याने भागून बघायला काय हरकत आहे?

क्लॉक स्थिर झालं का बघणाऱ्या लूपला टाइमआउट नसेल तर त्याला निष्ठा म्हणतात. कार्डाचे सिग्नल 3.3 वरून 1.8 व्होल्टवर जाताना क्लॉक किमान 5 मिलिसेकंद थांबवावं लागतं. कोडमधली ती थांबण्याची ओळ कापून टाका आणि कमिट संदेशात 'वेग सुधारला' असं लिहा.

यावर 'क्लॉक नीट चालू होतंय कशावरून?' असं कुणी विचारलंच, तर 'माझ्या बोर्डावर चालतं' हे उत्तर ग्राह्य धरा. तिथे बूटलोडरनेच, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमनेच, क्लॉक आधी चालू करून ठेवलेलं असतं, ड्रायव्हरने काही केलं काय, न केलं काय! बूट संपता संपता कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कुठल्याच ड्रायव्हरने चालू न केलेली क्लॉक्स बंद करतो आणि कार्ड गायब होतं. त्यावरही तोडगा आहे: 'न वापरलेली क्लॉक्स बंद करू नका' असा पर्याय कर्नलच्या कमांड लाइनवर टाकायला सांगा आणि तुमची मंजुरीची ओळ जोडून पॅच पुढे पाठवा.