गच्चीवर टोमॅटो नको, अंबाडी लावा

चार वर्षं मी गच्चीवर टोमॅटो, ढोबळी मिरची आणि फ्लॉवरच्या मागे लागले होते. व्हिडिओत लालबुंद घोस बघायचे आणि रोपं आणायचे. एप्रिल आला की टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळायची. मी खतं बदलत राहिले, पण दोष खताचा नव्हताच. रात्रीसुद्धा उकडायला लागलं की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, मग फळ कुठून धरणार? सोलापूरचा पारा तर 43-44 वर जातो.

आणि पाणी? नळाला ते चार-पाच दिवसांनी येतं, तेही उजनीहून शंभरेक किलोमीटर पाइपातून. ते फळ न धरणाऱ्या झाडांना ओतताना मला खरंच अपराधी वाटायला लागलं.

म्हणून आता फक्त पालेभाज्या. कारण साधं आहे. दोडका, गवार, वांगी मंडईतून आणली तर दोन-तीन दिवस टिकतात. पालेभाजी सकाळी सातला घ्या, दुपारपर्यंत मान टाकते. जी विकत ताजी मिळत नाही, तीच घरी लावावी. बाकीची मंडईतूनच घ्यावी, आणि जुडीमागे दोन रुपयांसाठी बायकांशी घासाघीस करू नये.

गच्चीवर अख्ख्या घराची भाजी निघते, हे मात्र मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान 400 ग्रॅम भाज्या-फळं सांगते. आम्ही चौघं, म्हणजे दीड किलोच्या वर. माझ्या बारा कुंड्यांतून आठवड्याला जेमतेम किलोभर निघतं. पण पूर्वी आमच्याकडे पालेभाजी आठवड्यातून एकदा व्हायची, ती आता चारदा होते. मला फायदा दिसतो तो इथे.

मेथी, शेपू, चुका थंडीत. भर उन्हाळ्यात हिरव्या जाळीखाली तांदुळजा आणि घोळ. तांदुळजा मुळासकट उपटू नका, वरून खुडा, पुन्हा फुटतो. घोळीला तर पाणीही कमी लागतं, पानंच जाड, पाणी धरून ठेवणारी. आपली काळी माती कुंडीत नुसती भरू नका, वाळली की भेगा पडतात आणि भिजली की चिखल होतो. निम्मं शेणखत आणि थोडा नारळाचा भुसा घाला. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी मी बादलीत साठवते, कुंड्यांचं बरंचसं त्यावरच भागतं.

पण माझा जीव अंबाडीवर. शेजारच्या तेलुगू अक्का तिला पुंटीकुरा म्हणतात. पहिली जुडी त्यांना दिली, तर संध्याकाळी लाल मिरची घालून वाटलेली आंबट चटणी वाटीभर परत आली. आमच्याकडे अंबाडी उकडून, पाणी पिळून, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजते, वरून करडईच्या तेलात लसणाची चरचरीत फोडणी. सोबत कडक भाकरी. माझी धाकटी पालकाला नाक मुरडते, पण ही भाजी दोनदा मागून घेते. बाजारातून आणलेल्या अंबाडीला हात लावत नव्हती. कुंडीतली स्वतः खुडते म्हणून खाते, असं मला वाटतं.

मृग लागतोय, अंबाडी पेरायची वेळ झाली. गेल्या वर्षीची दोन झाडं मी बियांसाठी राखली होती, वाटीभर बी निघालंय. जुळे सोलापुरात ज्यांना हवं असेल त्यांनी इथेच लिहा. पुडी बांधून ठेवते.