उशीरच केलात हो!

गेल्या गुरुवारी आमच्या कोपऱ्यावरच्या एका क्लासात शिरलो. खरं तर पाऊस आला म्हणून आडोशाला, पण काउंटरवरच्या मॅडमना ते कुठून कळणार? त्यांनी फॉर्म पुढे केला. मुलगी तिसरीत आहे म्हटल्यावर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "उशीरच केलात हो. बाकीची पहिलीपासून येतात." तुमच्या हातून असं पाप घडू नये म्हणून हा शब्दप्रपंच.

शाळेवर विसंबू नका. शाळा फी भरायला आणि गॅदरिंगला असते.

अबॅकस लावाच. पाढे आजी फुकटात म्हणून घेते, म्हणजे त्यात दम नसणार.

शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीचाही क्लास असतो. बुद्धी आणि ती स्वतः चालवावी लागू नये याची सोय, दोन्ही एकाच फीमध्ये.

वेळ कुठून काढायचा म्हणता? लहान पोरांची झोप पुरी व्हावी म्हणून २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका असं सांगितलं. केवढी सोय! सातची बॅच पकडा. त्याच वर्षी केंद्राने सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नका म्हटलं. घाबरू नका, त्या मार्गदर्शक सूचना आहेत. पाटीवर 'फाउंडेशन' लिहिलं की मार्ग मोकळा.

जेवणाचं टेन्शन नको. शाळा सुटली की गेटवरूनच उचलायचं, स्कूटरवर पुढे उभं करायचं, हातात पोळीचा रोल. सिग्नलला दोन घास, पुढच्या सिग्नलला दोन. गणित, मग इंग्लिश स्पीकिंग, मग कीबोर्ड. परतताना ते मागे बसतं आणि झोपतं. मग आई आपल्या ओढणीने त्याला स्वतःच्या कमरेशी बांधते, पडू नये म्हणून. मी हे परवा पुलाखालच्या सिग्नलला पाहिलं. गाल आईच्या पाठीवर दाबलेला, तोंड उघडं, आणि मुठीत तो अर्धा रोल तसाच. हिरवा लागला, मागचे हॉर्न मारायला लागले, तरी पोरगं हललं नाही. आणि घरी गेल्यावर उठवून होमवर्क! शाळेचा वेगळा, क्लासचा वेगळा!

आमच्या सोसायटीत संध्याकाळी सहाला बॅडमिंटन कोर्टवर कबुतरं असतात. मुलीच्या वाढदिवसाला आठ मैत्रिणी बोलावल्या, तीन आल्या. त्यातली एक केक कापायच्या आत गेली, रविवारी तिची टेस्ट होती.

अहो, काय चालवलंय काय आपण? आठ वर्षांचं पोर आहे ते! चाळीस जणांच्या वर्गात कळलं नाही म्हणून साठ जणांच्या बॅचमध्ये बसवता? शाळा शिकवत नसेल तर शाळेत जाऊन भांडा की! तिथे 'थँक यू मिस' म्हणून परत येता आणि इकडे मुकाट पैसे भरता. हे मी मलाही म्हणतोय. तो फॉर्म मी आणलाय, फ्रिजवर ठेवलाय, फाडलेला नाही.

आणि तुम्ही हे वाचत काय बसलात? आधी ते दप्तर उतरवा त्याच्या पाठीवरून. साडेनऊ वाजलेत.